आधी पट मोज, मग चाल कर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला गोचा डाव पहिल्या चालीपासून शेवटपर्यंत पाहिला. सोंगट्यांनी रिकाम्या जागा घेरायच्या या खेळात तू काळ्या सोंगट्या घेतल्या होत्यास. मधल्या मारामारीत हरले, असं तू लिहिलं आहेस. मारामारी तू बरी केलीस. डाव त्याआधीच हातचा गेला होता, तोही कुठल्या एका घोडचुकीने नाही. पांढऱ्याने जिथे सोंगटी ठेवली तिथेच, तिला लागून, तू उत्तर देत गेलीस. तो नेईल तिकडे तू गेलीस, आणि डावी बाजू अख्खी मोकळी पडून राहिली.

पूर्ण पट दिसतच नाही, ही तुझी तक्रार. १९ रेघांच्या पटावर ३६१ जागा असतात, त्या एका नजरेत कुणालाच दिसत नाहीत. चांगले खेळाडू तीन-चार गोष्टी मोजतात, आणि त्या मोजल्या की बाकीचा पट आपोआप मागे पडतो.

सुरुवात कोपऱ्यांपासून. परसात कुंपण घालताना दोन बाजूंना आधीच भिंत असली तर तारा कमी लागतात, तसंच इथे. कोपऱ्यात नऊ जागा घेरायला ६ सोंगट्या पुरतात. तेवढ्याच जागा कडेला घेरायला ९ आणि मधोमध १२ लागतात. म्हणून आधी रिकामा कोपरा, मग आपला कोपरा पक्का करणं किंवा पांढऱ्याच्या कोपऱ्याला भिडणं, मग कडा, आणि सगळ्यात शेवटी मधला भाग. हे तुला पाठ आहे. पहिल्या दहा-अकरा चाली तू तशाच केल्यास.

गाडी घसरली बाराव्या चालीला. उजवीकडच्या दोन्ही कोपऱ्यांत चौथ्या रेघांच्या छेदावर तुझ्या सोंगट्या होत्या. पांढरा खालच्या कोपऱ्यात तीन-तीनवर, म्हणजे तिसऱ्या रेघांच्या छेदावर, शिरला. पूर्वी इतक्या लवकर असं शिरणं कच्चं समजत, कारण कोपरा मिळाला तरी समोरच्याला बाहेर सोंगट्यांची भिंत मिळते. अल्फागो या संगणक-खेळाडूनंतर ही चाल सगळीकडे रुळली, त्यामुळे ती तुला वारंवार भेटेल. तिला दोन बाजूंनी अडवता येतं, आणि जोसेकी, म्हणजे कोपऱ्यातल्या ठरलेल्या चालींची मालिका, दोन्हीकडची सारखीच असते. फरक उरलेल्या पटामुळे पडतो. तुझी वरची सोंगटी उजव्या कडेला होती, म्हणजे उजवीकडून अडवायचं होतं. मग पांढरा खालच्या कडेने सरपटला असता आणि तुझ्या भिंतीचं तोंड उजव्या कडेकडे, तुझ्याच वरच्या कोपऱ्याकडे राहिलं असतं. तू खालून अडवलंस. पांढरा उजव्या कडेने वर सरकला, तिथला तुझा मुलूख संपला, आणि तुझी भिंत पांढऱ्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत उभी राहिली. जोसेकीतली एकही चाल चुकली नव्हती, म्हणून ही चूक तुझ्या ध्यानात आली नाही.

पुढे त्या भिंतीपासून दोन जागा सोडून तू तिसऱ्या रेघेवर सोंगटी ठेवलीस. जुना हिशोब असा: एकट्या सोंगटीपासून दोन जागा सोडून पुढे जावं, दोनच्या भिंतीपासून तीन, तीनच्या भिंतीपासून चार. तुझी भिंत त्याहूनही उंच होती. तिच्याशेजारी फार तर आठ-दहा गुण जमतात, आणि त्यासाठी एवढ्या सोंगट्या अडकवणं महाग पडतं. भिंतीजवळ घर बांधू नकोस, शत्रूला तिच्याकडे हाक. इथे पांढऱ्याच्या डाव्या कोपऱ्याला भिंतीच्या बाजूनेच भिडली असतीस, तर मध्ये घातलेली त्याची सोंगटी भिंतीपुढे आयती सापडली असती.

त्यानंतर वर अडकलेल्या दोन सोंगट्या वाचवायला तू धावलीस. त्या दोन गेल्या असत्या तर दोन कैदी आणि दोन मोकळ्या झालेल्या जागा, मिळून ४ गुण. आजूबाजूचं थोडं धरून सात-आठ म्हण. आता दुसरं पारडं बघ. कोमी, म्हणजे पांढऱ्याला आधीच मिळणारे जादा गुण, जपानी नियमांत साडेसहा, चिनी नियमांत साडेसात. ती पहिली चाल करण्याच्या फायद्याची भरपाई आहे, आणि हिशोबाने चालीची किंमत कोमीच्या साधारण दुप्पट निघते, म्हणजे १३ ते १५ गुण. डावी बाजू रिकामी असताना सात-आठ गुणांसाठी धावणं म्हणजे निम्म्या भावात विकणं. मात्र ज्या सोंगट्यांमुळे पांढऱ्याचे दोन गट एकमेकांपासून तुटलेले आहेत, त्या एक-दोनच असल्या तरी सोडू नकोस. तुझ्या त्या दोन काहीच तोडत नव्हत्या.

आता चालीआधीची मोजणी. पांढऱ्याने सोंगटी ठेवली की आधी हे विचार: मी इथे उत्तरच दिलं नाही तर तो पुढच्या चालीत काय नेईल? आकडा काढ. दहाच्या आत आला आणि पटावर मोठी जागा शिल्लक असेल, तर तेनुकी, सरळ दुसरीकडे जा. सुरुवातीला तेनुकी करताना हात थरथरतो, तो थरथरू दे.

मग कच्चे गट शोध, दोन्ही रंगांचे. गट पक्का की कच्चा, हे दोनच प्रश्नांवर ठरतं: जागच्या जागी दोन डोळे, म्हणजे शत्रूला भरता न येणाऱ्या आतल्या दोन वेगळ्या मोकळ्या जागा, होतात का, आणि नसतील तर मध्याकडे पळायला वाट आहे का. दोन्हींचं उत्तर नाही आलं, तर त्या गटाची चाल कुठल्याही मोठ्या जागेच्या आधी येते. तुझे दोन कच्चे गट शेजारी झाले तर एकच चाल दोघांना धमकावते आणि तू एकच वाचवू शकतेस. बहुतेक नवशिके इथेच बुडतात. पांढऱ्याचा गट कच्चा असेल तर त्याला चिकटू नकोस. चिकटलं की तोही सोंगट्या वाढवून घट्ट होतो. घोड्याच्या चालीने किंवा वरून झाकण घालून, लांबून हाक. मारणं हा हेतू नसावा. तो दोन डोळ्यांसाठी धडपडत असताना तुझी कड भरून निघाली, की हल्ला वसूल झाला.

कुठे घाई नसेल तरच सर्वात मोठी जागा शोधायची, आणि ती बहुधा दोघांची क्षेत्रं जिथे भिडतात तिथे असते. तिथली एक चाल तुझं वाढवते आणि त्याचं तेवढंच कमी करते.

कुठल्या रेघेवर, यात फार अडकू नकोस. पटभर तिसऱ्या रेघेवर कडं केलं तर ५६ सोंगट्यांनी बाहेरच्या १३६ जागा मिळतात. चौथ्या रेघेवर ४८ सोंगट्यांनी आतल्या १२१. भाव जवळपास सारखाच, म्हणून दोन्ही मिसळून खेळतात. शेजारची सोंगटी चौथीवर असेल तर नवी तिसरीवर, आणि उलट. दुसऱ्या रेघेवर सरपटणं मात्र टाळ: दर सोंगटीमागे एकच गुण मिळतो आणि वर समोरच्याची भिंत फुकट उभी राहते.

हे नियम मोडलेलेही तुला दिसतील. १९३३मध्ये गो सेइगेन या तरुण खेळाडूने ज्येष्ठ उस्ताद होनिन्बो शूसाईविरुद्ध पहिल्या तीन चाली तीन-तीन, समोरच्या कोपऱ्यात चार-चार आणि थेट पटाच्या मध्यबिंदूवर केल्या. मार्च २०१६मध्ये सोलला अल्फागोने कोरियन व्यावसायिक खेळाडू ली सेडोलविरुद्धच्या दुसऱ्या डावात ३७वी चाल पाचव्या रेघेवर, खांद्याला खांदा लावून टाकली. दोन्ही डाव अवश्य लावून बघ. नक्कल मात्र करू नकोस; त्या चालींमागची मोजणी आपल्या आवाक्याबाहेरची आहे.

सरावासाठी महिनाभर १३ रेघांचा पट घे. १९वर इतकं पसरलेलं असतं की चूक कळेपर्यंत डाव संपतो, आणि ९वर सगळी हाणामारीच. १३ रेघांवर साधारण ३०व्या चालीला थांबून पूर्ण बंद झालेला मुलूख दोन-दोन जागांनी मोज, पांढऱ्याच्या बाजूला कोमी मिळव, आणि मगच पुढची चाल ठरव. पुढे असशील तर साधं खेळ, भांडणं मिटव. मागे असशील तर त्याच्या अर्धवट मुलखात शीर, आणि आत्ताच शीर. तो बंद झाल्यावर शिरणं म्हणजे कैदी दान करणं.

काताबरोबर, त्या संगणक-प्रोग्रामबरोबर, डाव तपासतेस ते ठीक, पण तो अर्ध्या गुणाची चूकही लाल करून दाखवतो आणि नवशिक्याला सगळंच लाल दिसतं. आलेखातल्या तीन सर्वात खोल घसरणी बघ, बाकी सोड. त्याही आधी, स्वतःला वाटलेल्या तीन चुका कागदावर लिहून ठेव. पुढचा डाव पाठवताना तो कागद आणि ३०व्या चालीची मोजणी जोड, चुकली असली तरी खाडाखोड न करता.

तुझी
आई