असाइनमेंटच्या निमित्ताने आईचे पत्र

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

नर्सिंगच्या असाइनमेंटसाठी तू अमेरिकन परिचारिका-संशोधक क्रिस्टन स्वॅन्सन यांचा रुग्णाची काळजी घेण्याविषयीचा सिद्धान्त निवडलास, याचा मला आनंद झाला. गर्भपात झालेल्या स्त्रिया, नवजात अतिदक्षता विभागात बाळांची देखभाल करणारे लोक आणि बिकट परिस्थितीतल्या तरुण माता यांच्याशी बोलून त्यांनी १९९१ मध्ये तो मांडला. म्हणूनच आम्हा स्त्रीरोग वॉर्डातल्या परिचारिकांना तो जवळचा वाटतो. जाणून घेणे, सोबत असणे, रुग्णासाठी करणे, तिला सक्षम करणे आणि तिच्यावरचा विश्वास टिकवणे या त्याच्या पाच प्रक्रिया तुला पाठ असतीलच. मात्र पाच मथळे आखून त्यांखाली रुग्ण बसवू नकोस.

ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई पाचव्या महिन्यात गर्भ गेल्यामुळे आमच्याकडे दाखल झाली होती. ती कोणाशी बोलत नव्हती आणि दुःखामुळे गप्प आहे असे सर्वांनी गृहीत धरले होते. राउंड आटोपल्यावर मी तिच्याजवळ बसले आणि ‘मनात काय चाललंय?’ एवढेच विचारले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, की कामाचा खाडा पडतो आहे, घेतलेली उचल फिटायची आहे आणि मोळ्या उचलल्यामुळेच हे झाले असे सासू म्हणते. दुःख होतेच, पण त्याच्याभोवती भीती आणि अपराधीपणा होता, आणि ते विचारल्याशिवाय कळले नसते. स्वॅन्सन जाणून घेण्याला महत्त्व देतात, ते यासाठीच.

पॅड बदलणे, पडदा ओढून अंग पुसणे, रक्तस्राव आणि बीपी पाहणे, बाळंतिणींपासून दूरची खाट मिळवून देणे, हे सारे ‘तिच्यासाठी करणे’ झाले. तुझ्या केअर प्लॅनमध्ये हा भाग आपोआप भरेल, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही.

सक्षम करण्याकडे मात्र नीट लक्ष दे. इतक्या दिवसांचा गर्भ गेल्यावरही स्तनांत दूध येऊ शकते आणि हे आधी कोणी सांगितलेले नसेल, तर घरी गेल्यावर ती बाई हादरून जाते. म्हणून मी तिला अगोदरच सांगितले, की दूध पिळून काढत राहू नये, आधार देणारे कपडे घालावेत आणि गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. तासाभरात पॅड पूर्ण भिजले, ताप आला किंवा स्रावाला दुर्गंधी आली, तर कामावर असली तरी तडक दवाखाना गाठावा. तिने ते नवऱ्यासमोर पुन्हा म्हणून दाखवले.

नातेवाईक ‘पुढच्या वेळी होईल’ असे म्हणत होते. मला तसे वचन देता येत नव्हते आणि विश्वास टिकवणे म्हणजे तसे वचन देणे नव्हेच. या प्रसंगातून ती स्वतःच्या बळावर उभी राहील असे मला मनापासून वाटत होते, आणि तेवढेच मी तिला सांगितले.

तुझ्या रुग्णाबद्दल लिहिताना तू काय विचारलेस आणि ती काय म्हणाली, हे तिच्याच शब्दांत आधी लिही. नाव आणि गाव मात्र गाळ. मसुदा रविवारपर्यंत पाठव, रात्रपाळीला जाण्यापूर्वी मी वाचून ठेवीन.

तुझी,
आई