मी संन्यास घेतलेला नाही

प्रिय दोस्ता,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी विरार लोकलमध्ये होतो, धड बोलता आलं नाही, म्हणून आता निवांत लिहायला बसलोय. गळ्यातलं ते लाकडी इंग्रजी टी अक्षर कसलं आणि तू संन्यास वगैरे घेतोयस का, असं विचारलंस ना? नाही रे बाबा. बायको आहे, पोरीची बारावी आहे, घराचा हप्ता आहे, यातलं काहीच सोडायचं नाहीये, आणि म्हणूनच मला हे इतकं जवळचं वाटलं.

त्या टी ला टाऊ म्हणतात, इटलीतले संत फ्रान्सिस असिसीकर सहीसारखी ही खूण काढायचे. आम्ही सेक्युलर फ्रान्सिस्कन, म्हणजे संसारात राहून संत फ्रान्सिसच्या वाटेने चालणारे कॅथलिक, आमच्याकडची जुनी माणसं अजून थर्ड ऑर्डरच म्हणतात, ऑर्डर म्हणजे संघ. पहिली फ्रायरांची, म्हणजे संन्यासी ब्रदरांची, दुसरी संत क्लेअरच्या सिस्टरांची, आणि तिसरी तेराव्या शतकापासून आमच्यासारख्या प्रपंचातल्या लोकांची. झगा नाही, मठ नाही. आत्ताची नियमावली पोप सहावे पॉल यांनी 1978 मध्ये मंजूर केली, फक्त 26 कलमं. किमान वर्षभर तयारी, मग प्रोफेशन, म्हणजे जन्मभराचं वचन. महिन्यातून एकदा फ्रॅटर्निटीची, म्हणजे आमच्या इथल्या गटाची मीटिंग. सकाळची प्रार्थना मी ट्रेनमध्येच करतो, मोबाईलवर.

तुला फ्रान्सिस्कन संत गोन्सालो गार्सिया माहितीये, आपल्या वसईत जन्मलेला, 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रूसावर मेलेला. लहानपणापासून त्याच्या सणाला जातोय मी, पण त्याच्यासोबत आणखी 25 जण होते आणि त्यातले 17 साधे जपानी प्रापंचिक लोक होते, हे कधी मनात शिरलंच नव्हतं. धनुष्यं बनवणारा मायकल कोझाकी आणि त्याचा चौदा वर्षांचा पोरगा तोमास, त्या पोराने वाटेत आईला पत्र लिहिलं होतं. हे तयारीच्या वर्गात ऐकलं आणि मी गप्पच झालो, कारण माझी मुलगी त्याच्याहून थोडीच मोठी.

पण खरं सांगू, मला प्रार्थना जड गेली नाही, जड गेला तो बांध. वाडीतल्या विहिरीच्या बाजूच्या बांधावरून मोठ्या भावाशी चार वर्षं बोलणं बंद होतं, तुला माहितीच आहे सगळं. एकाच चर्चमध्ये मिस्सेला जायचो, मी उजवीकडे बसायचो, तो डावीकडे. नियमावलीत शांतीचं कलम आहे, समेटाचे मार्ग शोधत राहा असं सांगणारं, आणि ते वाचून मला झोप लागेना. चूक त्याची आहे असं मला आजही वाटतं, पण कलमात चूक कोणाची ते विचारलेलंच नाही.

प्रोफेशनच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी गेलो. तो केळीला पाणी देत होता, लेंगा गुडघ्यापर्यंत वर, पाय चिखलात. मी म्हटलं दादा, उद्या माझं प्रोफेशन आहे, तू ये. तो बराच वेळ पाइपच धरून उभा, पाणी एकाच आळ्यात भरून वाहायला लागलं. मग म्हणाला, किती वाजता?

आला तो. शेवटच्या बाकावर बसला आणि चहाला न थांबता गेला. बांधाची मोजणी अजून व्हायची आहे, पण आता तो रस्त्यात दिसला की मी गाडी थांबवतो.

नाताळला येशील ना? वाडीत जाऊ, विहिरीवर बसू.

तुझाच,
वसईचा दोस्त