बरोबरीत सुटलेले डाव कसे वाचायचे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बुद्धिबळपटू दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे बरोबरीचे डाव अभ्यासायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. जुलै २०२५ मध्ये बातुमीला झालेल्या महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत दोन्ही क्लासिकल (जास्त वेळेचे) डाव बरोबरीत सुटले, टायब्रेकचा म्हणजे कोंडी फोडण्यासाठीचा पहिला रॅपिड (कमी वेळेचा) डावही बरोबरीत गेला, आणि दुसऱ्यात आपल्या नागपूरच्या दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनी बाजी मारली. जो तो तो शेवटचा डाव दाखवत बसतो. शिकायला मात्र आधीच्या तीन डावांत जास्त आहे.

पहिलं काम म्हणजे बरोबरीची जात ओळखणं. काही बरोबऱ्या घरूनच पाठ करून आणलेल्या असतात. बर्लिन बचाव या सुरुवातीच्या एका ठरलेल्या क्रमात ११ व्या खेळीला पांढरा वजीर ई४ वर शह देतो, काळा वजीर ई६ वर आडवा येतो, मग पांढरा वजीर डी४, काळा डी६, पांढरा पुन्हा ई४. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की डाव संपला. अशा डावावर अर्धा तास घालवू नकोस, फक्त गुणतक्ता बघ. त्या दिवशी कोणाला अर्धा गुण पुरेसा होता, एवढाच प्रश्न तिथे उरतो.

खरा अभ्यास लढून सुटलेल्या डावांचा. त्यासाठी घड्याळ हवंच. पीजीएन फाइलमध्ये (डावाच्या खेळ्यांची संगणकी नोंद) प्रत्येक खेळीपुढे उरलेला वेळ असतो. या स्पर्धेच्या क्लासिकल डावांत ४० खेळ्यांना ९० मिनिटं, पुढे ३० मिनिटं, आणि प्रत्येक खेळीला ३० सेकंदांची भर होती. म्हणून एका खेळीला लागलेला वेळ काढताना खेळाडूच्या आधीच्या खेळीनंतरच्या वेळेत ३० सेकंद मिळव आणि मग आत्ताचा वेळ वजा कर. ती भर विसरलास तर झटपट खेळलेल्या खेळीला उणे वेळ येतो. ४० व्या खेळीपाशी ३० मिनिटंही धरायला विसरू नकोस. दहा मिनिटांपेक्षा जास्त विचार झालेल्या खेळ्यांवर खूण कर. डाव बहुतेक वेळा तिथेच वळलेला असतो.

आता या अंतिम लढतीकडे ये. पहिला क्लासिकल डाव ४१ खेळ्या चालला, दुसरा ३४. म्हणजे पहिल्यात दोघींनी ४० खेळ्यांचा टप्पा पार केला, दुसरा त्याच्या आतच मिटला. पहिल्यात ३० ते ४० या खेळ्या बारकाईनं बघ, कारण घाईतल्या चुका तिथे दडतात. दुसऱ्यात शेवटची स्थिती पटावर मांडून दोन्ही बाजूंनी खेळून बघ. पुढे खेळण्यात कोणाला धोका होता, हे हातानं खेळल्याशिवाय कळत नाही.

एवढं झाल्यावरच स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं संगणकी इंजिन उघड, आणि एकच ओळ (सर्वोत्तम खेळ्यांचा क्रम) न दाखवता चार ओळी लाव. इंजिन ०.०० म्हणजे बरोबरी म्हणतं तेव्हा चारही ओळी शून्य आहेत, की पहिली शून्य आणि दुसरी थेट +३ (पांढऱ्याची मोठी आघाडी), हे बघ. दुसऱ्या प्रकारात बचाव करणारीकडे एकच खेळी असते. अशा एकमेव खेळ्या कोणाला किती शोधाव्या लागल्या आणि तेव्हा घड्याळात किती वेळ होता, ते वहीत मांड. दोरीवर कोण चाललं ते त्या दोन रकान्यांत दिसतं. नुसता आकड्यांचा आलेख पाहणारा अशा डावाला कंटाळवाणा म्हणतो, याचा मला खरंच राग येतो.

एंडगेममध्ये, म्हणजे थोडी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, इंजिनच्या आकड्यावर विसंबू नकोस. राजे धरून पटावर सात किंवा कमी मोहरी उरली की टेबलबेस (अशा सगळ्या स्थिती आधीच सोडवून ठेवलेला साठा) लाव, तो पक्का निकाल देतो. हत्तींच्या एंडगेममध्ये इंजिन एखादं प्यादं जास्त म्हणून +१ दाखवत राहतं, पण स्थिती साफ बरोबरीची असू शकते. फिलिडोरची ही बचावाची प्रसिद्ध रचना घे. पांढरं प्यादं ई५ वर, राजा डी५ वर, काळा राजा ई८ वर. काळा हत्ती सहावी आडवी पट्टी धरून ए६ वर थांबतो, त्यामुळे पांढऱ्या राजाला पुढे घुसता येत नाही. प्यादं ई६ वर आलं की लगेच हत्ती ए१ वर जातो आणि मागून शह देत राहतो, कारण राजाला लपायची जागा आता प्याद्यानंच अडवलेली असते. हत्ती आधीच खाली गेला तर राजा सहाव्या पट्टीवर येतो आणि बचाव कितीतरी अवघड होतो. थकल्यावर चूक होते ती नेमकी याच क्रमात.

उंट आणि कडेचं प्यादं उरलं असेल तर प्याद्याच्या बढतीच्या घराचा (जिथे त्याचा वजीर होतो) रंग आधी बघ. एच८ हे काळं घर. पांढऱ्याकडे एच पट्टीतलं प्यादं आणि पांढऱ्या घरांचा उंट असेल आणि काळा राजा त्या कोपऱ्यात पोचला असेल, तर जास्तीचं प्यादं असूनही डाव जिंकता येत नाही.

हे जमलं की २०२३ ची जू वेनजून आणि लेई टिंगजी यांची महिला जगज्जेतेपदाची लढत घे. बारापैकी नऊ डाव बरोबरीत सुटले आणि जू वेनजूननं बारावा डाव जिंकून ६.५–५.५ अशी लढत खिशात घातली. त्या नऊ डावांवर वर सांगितलेल्या खुणा करून वही मला पाठव. एकमेव खेळ्यांचा रकाना मात्र इंजिन लावण्याआधी एकदा स्वतः भर.

तुझाच मित्र