मजा येणारी पुस्तकं एकमेकांना सांगूया

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोणी विचारलं की मराठीत काहीतरी वाचायला सुचवा, तर आपण सगळे एकदम गंभीर होतो. लगेच पुरस्कार मिळालेल्या जाडजूड कादंबऱ्यांची नावं, आणि वर 'हे वाचलंच पाहिजे हां' असा दम. मी शाळेत मराठी शिकवायचे त्यामुळे हे जवळून बघितलंय, ज्या मुलाच्या हातात पहिलं पुस्तक असं पडतं ते परत कपाटाकडे फिरकतच नाही, आणि मोठ्यांचंही तेच होतं फक्त मोठे वेळ नाही म्हणून सांगतात. म्हणून हे पत्र निव्वळ मजा येणाऱ्या पुस्तकांबद्दल आहे, आणि त्यातही शक्यतो आपल्या गोव्याच्या आसपासच्या मुलखातल्या.

सगळ्यात आधी लंपन. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' 1994 ला आलं, मग 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर', चारही पुस्तकांत हाच एक मुलगा, आईवडिलांपासून लांब आज्जी-आजोबांकडे राहणारा. चोर्ला घाट चढून गेलं की जी बेळगावकडची कानडी मिसळलेली मराठी कानावर पडते ना तीच यात आहे, त्यामुळे गोव्यातल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटते. त्याचं ते उठसूट 'मॅड' म्हणणं, मैत्रीण सुमी समोर आली की त्याचं काहीतरी होणं आणि ते त्यालाच न कळणं, हे वाचताना मी एकटीच हसत बसते. यात मोठं काही घडत नाही, शाळा, गाणं, पाऊस, आज्जीची बोलणी, पण पान उलटल्याशिवाय राहवत नाही. 2024 मध्ये यावर वेब सिरीज पण आली, ज्यांनी ती बघितली त्यांनी तर आता पुस्तक घ्याच कारण लंपनच्या डोक्यात जे चाललेलं असतं ते खरं पुस्तकातच आहे. फक्त क्रमाने वाचा, 'झुंबर' आधी उघडू नका, का ते सांगत नाही.

दुसरं पुस्तक आपल्या घरचं, आणि ते आपल्याच लोकांनी वाचलेलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन'. त्यांचे चिरंजीव, इतिहासकार डी. डी. कोसंबींच्या नावाने पणजीत विचार महोत्सव होतो, तेव्हा मुलाचं नाव सगळ्यांना माहीत, पण वडिलांचं आत्मचरित्र म्हटलं की लोक समजतात बौद्ध धर्मावरचा जड ग्रंथ असणार. अजिबात नाही हो! हे धाडसाचं पुस्तक आहे. सांकवाळचा एक तरुण, घरच्या माडांच्या बागायतीची देखरेख करणारा, धड शाळा शिकलेला नाही, 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचतो आणि त्याच्या डोक्यात ते असं बसतं की 1899 च्या शेवटी घर सोडून निघतो. घरी बायको आणि तान्ही मुलगी. खिशात फारसे पैसे नाहीत, फारशी कोणाची ओळख नाही. पुणे, ग्वाल्हेर, मग काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकायचं, तिथून नेपाळ, तिथे मनासारखं काहीच सापडत नाही, मग बुद्धगया, कलकत्ता, सिलोन, ब्रह्मदेश, आणि पुढे हाच माणूस 1910 ला अमेरिकेत हार्वर्डला पाली ग्रंथाच्या कामाला पोचतो! मधे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना 50 रुपये देऊ केले, अट एवढीच की महाराष्ट्रात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचं, तर कलकत्त्याचं चांगलं काम सोडून ते इकडे आले. आणि हे सगळं इतकं साधं लिहिलंय, स्वतःची निराशासुद्धा लपवलेली नाही, घर सोडल्याची टोचणी लपवलेली नाही. मला स्वतःला बायकोचा विचार करून त्यांचा रागही आला आणि तरी पुस्तक खाली ठेवता आलं नाही. जुनं पुस्तक आहे, इंटरनेटवरसुद्धा वाचायला मिळतं.

प्रवासाचंच आवडत असेल तर गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी, घरावर कर्ज म्हणून उत्तरेत यज्ञाची दक्षिणा मिळवायला काकांबरोबर निघाले आणि नेमके 1857 च्या बंडात सापडले, झाशीला वेढा पडला तेव्हा हे आत! पुस्तक 1907 ला छापलं गेलं, भाषा थोडी जुनी आहे, पहिली पाचदहा पानं धीर धरा, मग तीच गोड लागते. मिळवलेलं सगळं लुटलं गेलं तरी गंगेची कावड खांद्यावरून घरी आणून आईवडिलांना आंघोळ घातली, ते वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही.

हसायचंच असेल तर जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे'. पेडणे ओलांडून शिरोड्याच्या वाटेला लागलं की आरवली, त्यांचं गाव, आणि त्यातली माणसं म्हणजे आपल्याच वाड्यावरची, एकेकाचं नाव बदललं की झालं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तर आजीने सांगावं तसं आहे, वडिलांचं सोवळ्याचं वेड सांगतात ती सुरुवातीची पानं घरात मोठ्याने वाचून दाखवा. कमी पानांचं हवं असेल तर 'बनगरवाडी', एका रविवारी होतं. आणि मुलांना फास्टर फेणे द्या, बस्स, उपदेश करू नका.

ही पुस्तकं विकतच घ्यायला पाहिजेत असं नाही. पणजीत पाटोवरची आपली सेंट्रल लायब्ररी 1832 ची, देशातल्या जुन्या ग्रंथालयांपैकी एक, आणि तालुक्यालाही लायब्रऱ्या आहेत, तिथे नाव घेऊन विचारा. नाव सांगणारा वाचक आला की तिथल्या माणसांनाही बरं वाटतं, हा माझा अनुभव आहे.

संपादक साहेब, एक विनंती. रविवारच्या पुरवणीत वाचकांसाठी एक छोटा कोपरा ठेवा, परीक्षण नको, फक्त पुस्तकाचं नाव आणि मजा कुठे आली ते चार ओळींत. पहिली मागणी माझीच घ्या: गोव्यातल्या बाईने मराठीत लिहिलेलं, पोट धरून हसवणारं पुस्तक मी शोधतेय. कोणाला माहीत असेल तर तुमच्याकडे कळवा, आणि तुम्ही ते नक्की छापा.

आपली,
एक वाचक, फोंडा