वर्ष चार रविवारांत ठरत नाही

पुणे,
डिसेंबर २०२५

प्रिय अनिकेत,

सप्रेम नमस्कार.

यंदा तू टेनिसमधल्या पुरुषांच्या चारही ग्रँडस्लॅम फायनल पाहिल्या, आणि तरीही हे वर्ष नक्की कुणाचं होतं ते उमगलं नाही, असं लिहिलं आहेस. नुसत्या फायनल पाहून ते उमगणारही नाही. मेलबर्न आणि विम्बल्डन यानिक सिनरकडे, पॅरिस आणि न्यूयॉर्क कार्लोस अल्काराझकडे, म्हणजे दोन-दोन. पण गुण मांडून बघ. चार ग्रँडस्लॅम मिळून सिनरचे ६६०० गुण होतात आणि अल्काराझचे ५७००, कारण अल्काराझ मेलबर्नला उपांत्यपूर्व फेरीत जोकोविचकडून हरला होता. तरीही वर्षअखेरीला अल्काराझ १२,०५० गुणांवर पहिला आणि सिनर ११,५०० वर दुसरा. म्हणजे बाकीच्या स्पर्धांमध्ये अल्काराझनं १४५० गुण जास्त कमावले. रॉटरडॅम, मोंटे कार्लो, रोम, क्वीन्स, सिनसिनाटी, टोकियो. वर्ष तिथं ठरलं. म्हणून पुढचा हंगाम जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासूनच बघायला घे.

सुरुवात क्रमवारीपासून कर. ती समजली की बुधवारची दुसऱ्या फेरीची मॅचसुद्धा वजनदार वाटते. ग्रँडस्लॅमच्या विजेत्याला २०००, उपविजेत्याला १३००, उपांत्य फेरीला ८००, उपांत्यपूर्वला ४००, चौथ्या फेरीला २०० आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला १०. त्याखाली मास्टर्स १०००, मग ५०० आणि २५० च्या स्पर्धा. नावातला आकडा म्हणजेच विजेत्याचे गुण. मास्टर्सच्या उपविजेत्याला ६५०. हे गुण ५२ आठवडे टिकतात आणि मग गळतात. गेल्या वर्षी जिथं जिंकलास तिथं या वर्षी पुन्हा जिंकलास तर खात्यात काहीच वाढत नाही, फक्त होतं ते राहतं. गुण 'राखणं' म्हणतात ते हेच.

यंदाच्या यूएस ओपनचं उदाहरण घे. सिनर ११,४८० गुणांनी आला, पण त्यातले २००० आधीच्या वर्षीच्या जेतेपदाचे होते. अल्काराझ ९५९० वर होता आणि २०२४ मध्ये तो दुसऱ्या फेरीत हरल्यामुळे त्याचे फक्त ५० गळणार होते. फायनलमध्ये दोघं समोरासमोर आले तेव्हा करंडकाबरोबर पहिला क्रमांकही पणाला लागला होता. अल्काराझ जिंकून ११,५४० वर गेला, सिनर १०,७८० वर आला आणि त्याचे सलग ६५ आठवडे संपले.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव. अधिकृत क्रमवारी सोमवारी लागते, ग्रँडस्लॅमच्या वेळी तर स्पर्धा संपल्यावरच. 'लाइव्ह' क्रमवारीत मात्र गेल्या वर्षीचे गुण स्पर्धेच्या सुरुवातीलाच वजा केलेले असतात. त्यामुळे गतविजेता एकही चेंडू न खेळता दोन-तीन जागा खाली गेलेला दिसतो आणि लोक विनाकारण हळहळतात. आणि 'रेस' हा तिसरा तक्ता. तो जानेवारीला शून्यापासून सुरू होतो आणि नोव्हेंबरमध्ये वर्षअखेरच्या स्पर्धेसाठी तूरिनला जाणारे आठजण त्यावरून ठरतात. वर्षभर कोण खरंच चांगलं खेळतोय हे रेस सांगते, ड्रॉमधलं (कोण कुणाशी खेळणार त्या तक्त्यातलं) मानांकन, म्हणजे सीडिंग, मात्र क्रमवारीवरून मिळतं.

क्रमवारीत न खेळणंही मोजावं लागतं. सिनर ९ फेब्रुवारी ते ४ मे उत्तेजक चाचणीच्या प्रकरणातल्या बंदीमुळे बाहेर होता. ऑस्ट्रेलियन ओपननंतर त्याचे ११,८३० गुण होते. त्यातून रॉटरडॅमचे ५००, मायामीचे १०००, मोंटे कार्लोचे ४०० आणि माद्रिदचे २०० गळले. इंडियन वेल्सचे ४०० तर २०२४ मध्येच काढून घेतले होते. रोमला परतला तेव्हा ९७३० उरले होते, आणि तरीही तो पहिलाच होता. तीन महिने दार सताड उघडं असताना दुसऱ्या क्रमांकावरच्या झ्वेरेवला आत शिरता आलं नाही. माझ्या मते वसंतातली सगळ्यात बोलकी घटना तीच, आणि ती कुठल्याही फायनलमध्ये दिसली नसती.

आता कोर्टांबद्दल. जानेवारीत ऑस्ट्रेलियातलं हार्ड कोर्ट. फेब्रुवारीत सगळे पांगतात: कुणी रॉटरडॅमला छताखाली, कुणी ब्युनोस आयर्स आणि रिओच्या मातीवर, कुणी दोहा-दुबईला. मार्चमध्ये इंडियन वेल्स आणि मायामी. दोन्ही हार्ड कोर्टच, पण इंडियन वेल्सला वाळवंटाची कोरडी हवा असते, कोर्ट खरखरीत असतं आणि चेंडू खांद्यापर्यंत उसळतो. मायामीला समुद्राची दमट हवा. म्हणून दोन्ही लागोपाठ जिंकणारे फार थोडे. यंदा पहिली ड्रेपरनं घेतली आणि दुसरी मेन्शिकनं, तीही फायनलमध्ये जोकोविचला दोन टायब्रेकमध्ये हरवून.

मातीचे दोन महिने सगळ्यात सावकाश पाहण्यासारखे. 'क्ले' एकच असं समजू नकोस. मोंटे कार्लो अगदी समुद्राकाठी. (तो क्लब मोनॅकोच्या नावाचा, पण कोर्टं प्रत्यक्षात फ्रान्सच्या हद्दीत आहेत.) एप्रिलची हवा गार, चेंडू जड, रॅली लांब. माद्रिद सुमारे ६५० मीटर उंचीवर. हवा विरळ, त्यामुळे तोच फटका लांब जातो, टॉपस्पिन कमी पकडतो आणि मोठी सर्व्हिस असलेल्यांना माती असूनही फायदा होतो. रोमला पुन्हा सखल जागा आणि संथ कोर्ट. म्हणून माद्रिदवरून रोलाँ गॅरोसचा, म्हणजे पॅरिसच्या फ्रेंच ओपनचा, अंदाज बांधणं धोक्याचं, रोमवरून बांधावा. यंदा तसंच झालं. माद्रिदला अल्काराझ दुखापतीमुळे नव्हता आणि रूड जिंकला. रोमच्या फायनलमध्ये अल्काराझनं सिनरला ७-६, ६-१ हरवलं आणि तीन आठवड्यांनी तेच दोघं पॅरिसला.

एटीपीच्या (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या) मातीवरच्या स्पर्धांत यंदापासून रेषेचा निर्णय यंत्र देतं. पंच खाली उतरून चेंडूची खूण पाहत नाही. माद्रिदला झ्वेरेवनं खुणेचा फोटो मोबाइलवर काढला आणि ताकीद ओढवून घेतली. रोलाँ गॅरोसला मात्र अजून रेषेवर माणसं आहेत आणि पंच खाली उतरतो. विम्बल्डननं यंदा रेषापंच बंद केले. मला रोलाँ गॅरोसचा हट्ट आवडतो, कारण मातीवर खूण सगळ्यांना दिसते आणि खेळाडू, पंच, प्रेक्षक तिघंही एकाच पुराव्याकडे बघत असतात.

गवताचा काळ जेमतेम पाच आठवड्यांचा. विम्बल्डनचं गवत ८ मिलिमीटर उंचीला कापलेलं असतं आणि २००१ पासून पूर्ण रायग्रास जातीचं. पहिल्या दोन दिवसांत ते ओलसर आणि निसरडं असतं, घसरून पडणं तेव्हाच जास्त. दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनजवळ माती उघडी पडते. मग उत्तर अमेरिकेतलं हार्ड कोर्ट, शरदात चीन आणि जपान, आणि शेवटी युरोपात छताखाली व्हिएन्ना, बाझल, पॅरिस आणि तूरिन. आतल्या कोर्टावर वारा नाही, ऊन नाही, म्हणून सिनरसारखा नेमका आणि सपाट मारणारा तिथं आणखी धारदार होतो. यंदा व्हिएन्ना, पॅरिस, तूरिन तिन्ही त्याची.

ड्रॉ लागला की निदान पंधरा मिनिटं त्याला दे. ग्रँडस्लॅमला १२८ जण, त्यात ३२ मानांकित, १६ पात्रता फेरीतून, ८ वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांच्या निमंत्रणावर आलेले. पहिला आणि दुसरा मानांकित विरुद्ध अर्ध्यांत. तिसरा-चौथा कुठल्या अर्ध्यात पडतात ते चिठ्ठीवर. पाच ते आठ प्रत्येकी एका चतुर्थांशात. म्हणून पाचवा की आठवा यात फार फरक नाही, पण आठवा की नववा यात खूप आहे: आठव्याला उपांत्यपूर्व फेरीआधी पहिल्या आठातलं कुणी भेटत नाही, नवव्याला चौथ्या फेरीतच भेटू शकतं. बत्तीस आणि तेहतीसमध्ये त्याहून जास्त. तेहतिसाव्याच्या समोर पहिल्याच दिवशी पहिला मानांकित येऊ शकतो. खेळाडू जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात छोट्या स्पर्धा का खेळतात, याचं उत्तर पुष्कळदा इथंच असतं.

नावापुढची अक्षरं बघत जा. 'क्यू' म्हणजे पात्रता फेरीतून तीन मॅच जिंकून आलेला, म्हणजे हात बसलेला. पहिल्या फेरीत तो फार धोकादायक. 'एलएल' म्हणजे पात्रता फेरीत हरूनही कुणाच्या माघारीमुळे आत आलेला. 'पीआर' म्हणजे लांबच्या दुखापतीनंतर जुनी क्रमवारी वापरून आलेला. त्याचा आताचा आकडा बघून त्याला कमी लेखू नकोस. ९६ जणांच्या मास्टर्समध्ये सगळ्या ३२ मानांकितांना पहिल्या फेरीत पुढे चाल असते, म्हणून मोठी नावं दोन-तीन दिवस दिसत नाहीत, आणि आल्या आल्या हरली तर १० गुण घेऊन घरी जातात. अल्काराझचं मायामीला यंदा तेच झालं. माघारीची यादीही पाहावी. टोरोंटोला सिनर, अल्काराझ, जोकोविच, ड्रेपर चौघंही नव्हते. शेल्टनचं जेतेपद त्यामुळे खोटं ठरत नाही, पण ते वाचताना हे ठाऊक असावं. आणि आमनेसामनेचा हिशेब करताना मॅच सुरू होण्याआधीची माघार त्यात धरत नाहीत, मध्येच सोडलेली मॅच धरतात. सिनसिनाटी फायनल सिनरनं ०-५ वर सोडली, ती अल्काराझच्या विजयात मोजली जाते.

वेळा कागदावर लिहून भिंतीला लाव. मेलबर्न जानेवारीत आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे: संध्याकाळी सातचं सत्र आपल्याकडे दुपारी दीडला. पॅरिस उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, रात्रीचं सत्र आपल्याकडे पावणेबाराला. विम्बल्डनची सेंटर कोर्टवरची पहिली मॅच संध्याकाळी सहाला. तिथं रात्री अकरानंतर खेळ थांबतो, म्हणून लांबलेली मॅच दुसऱ्या दिवशी पुढे जाते. न्यूयॉर्कचं रात्रीचं सत्र आपल्याकडे पहाटे साडेचारला, ते लवकर उठून बघावं, जागून नव्हे. गोंधळ होतो तो घड्याळ बदलताना. इंडियन वेल्सच्या ऐन मध्यावर, मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेचं घड्याळ पुढे जातं, आणि कालपर्यंत रात्री साडेबाराला सुरू होणारी मॅच आज साडेअकराला सुरू होते. युरोपचं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातं. बरोबर व्हिएन्ना आणि बाझलच्या फायनलच्या दिवशी. वेळापत्रकात 'नॉट बिफोर' लिहिलं असेल तर ती वेळ धरून चाल. नुसतं 'फॉलोड बाय' असेल तर आधीची मॅच दीड तासात संपेल की चार तासांत, हे कुणीच सांगू शकत नाही.

मॅच बघताना सगळा वेळ चेंडूमागे डोळे फिरवू नकोस. एक पूर्ण गेम फक्त रिटर्न करणाऱ्याकडे बघ: दुसऱ्या सर्व्हिसला तो बेसलाइनच्या आत येतो की मागे सरकतो? त्यातून त्याचा डाव कळतो. चेंडू पहिल्यांदा सात गेमनंतर बदलतात, पुढे दर नऊ गेमनंतर. नवे चेंडू वेगात जातात, म्हणून त्यावर सर्व्हिस कुणाची आहे ते बघ. आकड्यांत दुसऱ्या सर्व्हिसवर जिंकलेल्या गुणांची टक्केवारी आधी वाच. ब्रेक पॉइंट किती साधले, हा आकडा एका मॅचपुरता फसवा असतो, कारण तो चार-पाच फटक्यांवर हलतो. एकूण गुणांवरही जाऊ नकोस. यंदाच्या रोलाँ गॅरोस फायनलमध्ये ५ तास २९ मिनिटांत सिनरनं १९३ गुण जिंकले आणि अल्काराझनं १९२. चौथ्या सेटमध्ये ३-५, ०-४० असे तीन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवून जिंकला तो अल्काराझ.

छोट्या स्पर्धा सोडू नकोस, हे कळकळीनं सांगतो. ऑक्टोबरमध्ये शांघायला व्हॅलेंटिन वाशरो नावाचा मोनॅकोचा खेळाडू २०४ व्या क्रमांकावरून आला. पात्रता फेरीतसुद्धा त्याला आधी जागा नव्हती, कुणाच्या तरी जागी मिळाली. तिथून त्यानं रूनला हरवलं, उपांत्य फेरीत जोकोविचला ६-३, ६-४ हरवलं आणि फायनलमध्ये स्वतःच्या मावसभावाला, आर्थर रिंडरनेकला. मास्टर्स १००० जिंकणारा आजवरचा सगळ्यात खालच्या क्रमांकाचा खेळाडू. हाच वाशरो फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या बालेवाडीत चॅलेंजर (मुख्य दौऱ्याच्या खालच्या पायरीची स्पर्धा) जिंकून गेला होता. अशा चॅलेंजरचे १०० गुण शंभर-दोनशेच्या घरातल्या खेळाडूला ग्रँडस्लॅमच्या पात्रता फेरीचं दार उघडून देतात, म्हणून तिथली दुसरी फेरीसुद्धा जिवाच्या आकांतानं खेळली जाते, आणि तू कोर्टापासून हातभर अंतरावर बसलेला असतोस. फेब्रुवारीत आपल्या देशात अशा स्पर्धांची रांग लागते. बालेवाडीचं वेळापत्रक लागलं की लगेच कळवतो.

तोवर एक हिशेब करून ठेव. ऑस्ट्रेलियन ओपन १८ जानेवारीला सुरू होतेय. सिनरचे २००० गळणार, अल्काराझचे ४००. त्याआधी दोघं काहीच खेळले नाहीत असं धरलं, तर अल्काराझ ११,६५० वरून सुरू करेल आणि सिनर ९५०० वरून. सिनर जिंकला तरी ११,५०० वरच थांबेल. म्हणजे मेलबर्नला पहिला क्रमांक हलणार नाही, आणि सिनरला खरी संधी त्यानंतर आहे: फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये त्याचे राखण्यासारखे गुणच नाहीत, तर अल्काराझचे रॉटरडॅमचे ५००, इंडियन वेल्सचे ४०० आणि मोंटे कार्लोचे १००० आहेत. झ्वेरेवचे मेलबर्नचे १३०० आणि जोकोविचचे ८०० धरून तुझा पहिल्या पाचांचा तक्ता मांड. ड्रॉ लागला की प्रत्येक चतुर्थांशातला तुझा एकेक माणूस लिहून पाठव. माझेही चार त्याच दिवशी पाठवतो.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
मिलिंद