तारीख तरी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या पानावर दोन पत्रं शेजारी शेजारी लागली होती, एकात भायल्यांना, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना, आत घेणं बंद करा आणि दुसऱ्यात अतिथी देवो भव. दोन्ही वाचून हसू आलं, कारण माणूस आत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं हे दोघांनीही लिहिलेलं नाही. मी गोव्यातल्या कवळ्याचा. आमची शांतादुर्गा मुळातली केळशीची, पोर्तुगीज देवळं मोडायला लागले तेव्हा लोक तिला घेऊन जुवारी नदी ओलांडून इकडे आले आणि इथे तेव्हा आदिलशाही होती. त्यामुळे भायलो कोण आणि भितरलो कोण हे या गावात बसून मी तरी कोणाला शिकवणार नाही. ते असो.

माझी भाची नर्स आहे. इथे आयसीयूत तीन वर्षं काम केलं, मग जर्मनीचं डोक्यात घेतलं. पणजीत भाषेचा क्लास लावला, जर्मनची बी-टू लेव्हल, म्हणजे कामावर नीट बोलता येईल एवढी भाषा, पाहिजे म्हणून. बोलायच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली, घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. मधे एका एजंटाने साडेतीन लाख मागितले होते, ते नशिबाने दिले नाहीत. शेवटी गेली. आणि तिकडे गेल्यावर कळलं की इथली डिग्री तिथे लगेच चालत नाही, आधी हेल्पर म्हणून काम. आम्ही घरची माणसं खवळलो, व्हेंटिलेटर सांभाळणारी पोर तिकडे चादरी बदलतेय आणि म्हाताऱ्यांना भरवतेय म्हणून. फोनवर मी तिला म्हटलं, परत ये. तर म्हणते, मामा तू उगाच टेन्शन घेतोस, माझ्याकडे कागद आहे.

तो कागद तिने मला व्हॉट्सॲपवर पाठवला. तिकडे त्याला उणिवांचा निकाल अशा अर्थाचं नाव आहे, नावच ऐकून डोकं फिरतं. पण आत काय, तर तुझ्या अभ्यासक्रमात हे हे विषय कमी पडतात, ते एवढ्या तासांचं काम करून भरून काढ नाहीतर परीक्षा दे, आणि ते झालं की तू पूर्ण नर्स, पूर्ण पगार. तिने परीक्षा दिली, झाली. पुढचंही तिला पाठ आहे, साधारण तीन वर्षं कुशल कामगार म्हणून काढली, भाषा आणि बाकीच्या अटी पुऱ्या केल्या की कायमचा परवाना मागता येतो, पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज. घ्यायचं की नाही ते ती बघेल, आपला पासपोर्ट सोडावा लागतो म्हणून तिची आई आत्तापासून रडतेय. मला एवढंच कळलं की अपमान सोसता येतो, पण तो कधी संपणार ते माहीत असावं लागतं.

जर्मन लोकांना हे शहाणपण काय जन्मतः नव्हतं. १९६१ ला तुर्कस्तानशी करार करून त्यांनी कामगार आणले आणि नाव दिलं पाहुणे कामगार. पाहुणा म्हणजे जाणारच, मग त्याला भाषा कशाला शिकवा आणि त्याच्या पोरांच्या शाळेचं कशाला बघा. १९७३ ला भरती बंद केली तर माणसं जायच्या ऐवजी बायकापोरं घेऊन आली, कारण एकदा गेलो तर परत येता येणार नाही ही भीती. भाषेचे कोर्स कायद्यात घातले ते २००५ ला. ४४ वर्षं! तोपर्यंत दुसरी पिढी लग्नाला आली. आता ६०० तास भाषा आणि १०० तास तिकडचा कायदा, इतिहास, रीतभात असा कोर्स असतो. २०१५ ला एका वर्षात ८ लाख ९० हजारांच्या आसपास निर्वासित आले तेव्हा हा कोर्स निदान तयार होता, आणि कुठल्या राज्याने किती माणसं घ्यायची याचं गणितही ठरलेलं होतं, दोन हिस्से टॅक्सचं उत्पन्न बघून आणि एक हिस्सा लोकसंख्या बघून. म्हणून सगळा बोजा एकाच राज्याच्या डोक्यावर बसला नाही. भाचीच्या वॉर्डातला एक डॉक्टर सीरियाचा आहे, तसे सीरियन डॉक्टर त्या देशात सहा हजारांच्या घरात आहेत. सगळं गोड झालं असं नाही. घरं कमी पडली, लोक चिडले, २०२५ च्या निवडणुकीत बाहेरच्यांना विरोध करणारा एएफडी पक्ष वीस टक्क्यांवर मतं घेऊन दुसरा आला. ब्रिटनमध्ये तर आणखी गंमत, आश्रय मागणाऱ्याला वर्षभर कामच करू देत नाहीत, आणि मग तेच लोक ओरडतात की हे आमच्या पैशावर बसून खातात.

आता आपलं गोंय. इथे येणारा बिहारी किंवा कानडी माणूस निर्वासित नाही, तो याच देशाचा नागरिक आहे हे मला कळतं, उगाच कोणी पत्र लिहून शिकवू नये. पण वागणूक बघा. मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. शेवटच्या वर्षांत वर्गात निम्म्याहून जास्त पोरं बाहेरून आलेल्यांची, ती नसती तर शाळेला कुलूप लागलं असतं आणि आमच्या बदल्या झाल्या असत्या. एक लमाणी पोरगी जूनमध्ये आली तेव्हा एक शब्द मराठी येत नव्हतं, दिवाळीपर्यंत फळ्यावरच्या माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवायला लागली, आणि कोंकणी तिंट्यावर, म्हणजे बाजाराच्या नाक्यावर, शिकली ती वेगळीच. जानेवारीत बापाची साईट बदलली आणि पोरगी गेली. दाखला न्यायलासुद्धा कोणी आलं नाही. तिच्या बापाने चार वर्षं एकाच खोलीत भाडं भरलं होतं, मालकाने पोलीस पडताळणीसाठी आधारची कॉपी बरोबर घेतली, पण भाड्याचा करार काय लिहून दिला नाही. म्हणजे पोलिसांच्या फायलीत तो गोव्यात राहतो आणि बाकी कुठेच राहत नाही. मग उद्या १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला मागितला तर त्याने पुरावा काय, घामाचा वास दाखवायचा?

२०२४ च्या पावसात कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरच्या खलाशांना कॉलरा झाला, काही दगावले, तेव्हा कुठे आपल्याला आठवलं की एवढी माणसं होडीवरच राहतात आणि त्यांना धड संडास नाही, प्यायला पाणी नाही. मासे मात्र आपल्याला ताजे लागतात. आणि आमची स्वतःची पोरं लिस्बनला आजोबाच्या जन्माची नोंद करून पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गेलीत, तिकडे त्यांना कोणी वाकडं बोललं की इकडे आमचं रक्त उसळतं.

गोवा लहान आहे, जमीन मोजकी आहे, ही भीती खोटी नाही, मलाही वाटते. किती माणसं घ्यायची ते देशाने कडक ठरवावं, नाही म्हणायचं तर दारातच नाही म्हणावं. पण एकदा आत घेतलं की मग पहिल्याच दिवशी हातात कागद द्या, काम कधीपासून करता येईल, भाषा कुठे शिकायची, पोरं कुठल्या शाळेत, शिक्षण कधी मान्य होणार आणि आमच्यातला कधी धरणार. शिकलेला इंजिनिअर असो नाहीतर नेसत्या कपड्यानिशी आलेला असो, दोघांनाही.

आपल्या देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही, १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपण सही केलेली नाही. प्रत्येकाला वेगळा नियम. तिबेटींना आपण चांगलं ठेवलं हे मान्य करायलाच पाहिजे, जमीन दिली, शाळा काढल्या. १९६६ पासून कर्नाटकात मुंडगोडला त्यांची वसाहत आहे, आपल्यापासून काही तासांच्या रस्त्यावर. तिथली एक बाई सीझनमध्ये किनाऱ्यावर माळा आणि शाली विकते, माझ्या मुलाच्या दुकानाशेजारी तिचा स्टॉल असतो. कानडी फर्डं बोलते, कोंकणीत घासाघीस करते. आई-वडील दोघं लहानपणी तिबेटातून चालत आलेले, हिचा जन्म मुंडगोडचा, १९८९ चा. १ जुलै १९८७ च्या आधी जन्मली असती तर जन्मानेच भारतीय झाली असती, दोन वर्षांनी हुकलं. काही तिबेटी मुद्दाम नागरिकत्व घेत नाहीत, तो त्यांच्या स्वाभिमानाचा भाग, पण हिला पाहिजे आहे. अर्ज केला तर उत्तर कधी येईल, म्हणून विचारलं तर तिने नुसते हात उडवले. पर्समधून तिने आरसी काढून दाखवली, परदेशी माणसाचं नोंदणी पुस्तक, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं, कोपरे झिजलेले.

मेअखेरीला ती गाठोडी बांधत होती. यंदा परत रिन्यू करायचं आहे म्हणाली, फोटो काढायला पाहिजेत, मागच्या वेळचे पोलिसांनी घेतले नाहीत, कान दिसत नव्हते म्हणून.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
कवळे, फोंडा