आश्रमशाळेतील दिव्यांग मुलांविषयी मुख्याध्यापक मित्रास पत्र

चंद्रपूर,
दि. २९ जून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. गडचिरोली जिल्ह्यातील आश्रमशाळेत तू मुख्याध्यापक म्हणून रुजू झालास, हे वाचून फार आनंद झाला. शाळेच्या नोंदीत पाच मुलांच्या नावापुढे ‘दिव्यांग’ असा शेरा आहे, सहकारी शिक्षकांना त्याबद्दल फारशी माहिती नाही, म्हणून सर्व प्रकारांची परिणामांसह यादी पाठव, असे तू लिहिले आहेस. यादी पाठवणे सोपे आहे. परंतु केवळ ती वाचून तुझ्या शिक्षकांच्या हाती काही लागेल असे मला वाटत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र लिहीत आहे.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ते एकवीस झाले आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो कायदा लागू झाला. अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरत्व, अस्थिव्यंग, बौद्धिक अक्षमता हे प्रकार आधीपासून सर्वांच्या परिचयाचे होते. त्यांच्या जोडीला विशिष्ट अध्ययन अक्षमता (म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण), स्वमग्नता, वाचा व भाषादोष, स्नायूंचा ऱ्हास करणारी मस्क्युलर डिस्ट्रॉफी आणि सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही यादीत आले. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्याने दिला आहे. सवलती, शिष्यवृत्ती आणि साहित्य मिळवण्यासाठी प्रमाणपत्र आवश्यकच आहे, तेव्हा ते काढण्यात हयगय होऊ देऊ नकोस.

मात्र वर्गात शिकवताना ती टक्केवारी जवळजवळ निरुपयोगी असते, हे शिक्षकांना पहिल्याच बैठकीत सांग. एका पायाने लंगडत चालणाऱ्या मुलाजवळ पन्नास टक्क्यांचे प्रमाणपत्र असेल आणि तरीही वाचन, गणित, विज्ञान यांत त्याला काडीचीही अडचण नसेल. त्याला हवा असतो तो उताराचा रस्ता आणि आधाराची दांडी बसवलेले शौचालय. याउलट कान वारंवार फुटल्यामुळे थोडे कमी ऐकू येणाऱ्या मुलीजवळ कसलेही प्रमाणपत्र नसेल आणि तिचा निम्मा पाठ रोज वाया जात असेल. म्हणून प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने हे पाहावे की शिकवलेले त्याच्यापर्यंत पोहोचते का, पोहोचलेले त्याला समजून लक्षात राहते का, आणि समजलेले त्याला बोलून किंवा लिहून दाखवता येते का. अडथळा यांपैकी कोणत्या ठिकाणी आहे हे कळले की पुढचा मार्ग बऱ्याच अंशी मोकळा होतो.

तुझ्या पाच मुलांपैकी सातवीतल्या सिकलसेलच्या मुलीविषयी मी सर्वांत आधी लिहितो, कारण तिच्याबाबत वर्गशिक्षकाने ‘कामचुकार, सतत गैरहजर’ असा शेरा मारल्याचे तू कळवले आहेस. सिकलसेलमध्ये प्राणवायू कमी पडला की रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, छाती, पोट यांत असह्य वेदना सुरू होतात. थंडी, शरीरातील पाणी कमी होणे, ताप आणि अतिश्रम यांमुळे असा झटका येऊ शकतो. पहाटे गार पाण्याने अंघोळ, उन्हात दीर्घकाळ चालणारी कवायत, पाण्याची बाटली वर्गात आणण्यास मनाई हे वसतिगृहाचे साधे नियम तिच्यासाठी धोक्याचे ठरतात. या आजारात मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही, त्यामुळे अशा मुलांना वारंवार लघवीला जावे लागते आणि मोठ्या वयातही रात्री अंथरूण ओले होऊ शकते. त्यासाठी एखाद्या मुलीला चारचौघींत बोलणी खावी लागत असतील, तर ते तातडीने थांबले पाहिजे. अधीक्षिकाबाईंशी तू स्वतः बोल. पाणी कमी पिण्याचा सल्ला तर तिला कोणीही देऊ नये, तिला इतरांपेक्षा जास्त पाणी लागते.

अभ्यासावरचा परिणाम केवळ गैरहजेरीचा नसतो. रक्तक्षयामुळे थकवा असतो, आणि काही मुलांच्या मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या बाहेरून कोणतेही लक्षण न दिसता बंद होतात, त्यामुळे लक्ष टिकवणे आणि ऐकलेले लक्षात ठेवणे कठीण जाते. पूर्वी चांगली असलेली मुलगी हळूहळू मागे पडू लागली, तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. आणि एका बाजूचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, बोलणे अडखळले, जोराचा ताप आला किंवा छातीत दुखू लागले, तर गोळी देऊन झोपवून न ठेवता त्याच वेळी रुग्णालयात न्यावे. ही सूचना स्वयंपाकी आणि कामाठी यांच्यासह वसतिगृहातील प्रत्येकाला माहीत असावी. बुडलेला अभ्यास भरून काढण्याची जबाबदारी तिच्यावर न टाकता शाळेने घ्यावी. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. वाहक, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेली व्यक्ती, आणि रुग्ण यांत फरक असतो. वाहकाला सहसा कोणताही त्रास होत नाही, मात्र आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या आहेत, तशी वाहक मुलींच्या लग्नाविषयीची कुजबुजही वाढू शकते. तपासणीचे निकाल मोठ्याने वाचून दाखवले जाणार नाहीत, याची दक्षता घे.

चौथीतील मुलाविषयी तू विचारले आहेस की गोष्ट रंगवून सांगणाऱ्या मुलाला वाचता का येत नाही, आणि त्याला अध्ययन अक्षम म्हणावे का. याचे उत्तर पत्रातून देता येणार नाही, पण काय पाहायचे ते सांगतो. तुझ्या शाळेतील बहुतेक मुलांच्या घरी माडिया किंवा गोंडी बोलली जाते. मराठी त्यांना पहिलीत भेटलेली दुसरी भाषा आहे. मराठीत मागे असलेल्या अशा मुलावर अध्ययन अक्षमतेचा किंवा बौद्धिक अक्षमतेचा शिक्का मारणे हा मोठा अन्याय आहे, आणि आपल्या भागात त्याची भीती खरी आहे. म्हणून आधी त्याच्या घरच्या भाषेत पाहा. माडियात तो वेळेवर बोलू लागला होता का, त्याच भाषेतील शब्दाचा पहिला आवाज काढून टाकला तर काय उरते हे त्याला सांगता येते का, सारख्या आवाजाचे शब्द त्याला ओळखता येतात का, आणि त्याच घरची भाषा बोलणारे त्याचे वर्गमित्र त्याच्या पुढे गेले आहेत का. सगळा वर्गच मागे असेल, तर दोष त्या मुलात शोधायचा नसतो. वर्ग पुढे गेला, शिकवणे नियमित झाले, नजर आणि कान तपासले, आणि तरीही हा एकटा अक्षरांशी झगडत राहिला, तर मात्र तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मुलाला आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच दिले जाते, त्यामुळे त्याचे वय योग्य आहे.

आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, म्हणून मराठीत वाचनदोष नसतो, असे मानणारे शिक्षक मला पुष्कळ भेटतात. तसे नाही. देवनागरीत आवाज आणि अक्षर यांचे नाते सरळ असले, तरी मात्रा अक्षराच्या चारही बाजूंना बसतात. पहिली वेलांटी लिहिली जाते आधी आणि उच्चारली जाते नंतर, ‘सूर्य’ मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, आणि जोडाक्षरात दोन अक्षरे आपले रूप सोडून एकमेकांत मिसळतात. अशा मुलाच्या वहीत मात्रा आणि अनुस्वार गळतात, ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘ब’ आणि ‘व’ यांची अदलाबदल होते, आणि तोच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिलेला आढळतो. शंभर वेळा लिहून घेण्याची शिक्षा यावर चालत नाही. एकेक आवाज सुटा करून ऐकवणे, त्याचे अक्षर बोटाने वाळूत गिरवणे, एका वेळी एकच मात्रा पक्की करणे आणि भरपूर उजळणी, हा मार्ग संथ आहे पण चालतो. तोवर इतिहास आणि विज्ञान त्याच्याकडून तोंडी घ्या. त्याचे वाचन अडले म्हणून त्याचे ज्ञान अडण्याचे कारण नाही. वर्गापुढे उभे करून त्याला मोठ्याने वाचायला लावू नका. पुढे दहावीच्या परीक्षेत पात्र विद्यार्थ्यांना तासाला वीस मिनिटे जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिकाची सवलत मिळते, हे पालकांना आताच सांगून ठेवावे.

गणिताविषयी थोडे. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. ‘एकोणतीस’ ऐकताना कानावर तीस पडते आणि लिहायचे असतात २९. अंकांशी मुळातच झगडणाऱ्या मुलाला हा उलटसुलटपणा फार जड जातो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनपद्धती दिल्यावर मोठा वाद झाला होता. माझे मत विचारशील तर अशा मुलांसाठी ती पद्धत प्रचलित संख्यानामांच्या जोडीने अवश्य वापरावी.

कान फुटणाऱ्या मुलीला प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठव. कानाच्या पडद्याचा किंवा मधल्या कानाचा दोष पुष्कळदा उपचाराने सुधारतो. आतल्या कानाचा किंवा चेतातंतूचा दोष तसा सुधारत नाही आणि तेथे श्रवणयंत्र लागते. यंत्र लावले म्हणजे सगळे ऐकू आले, असे मात्र होत नाही. यंत्र पंख्याचा आवाज आणि बाकांची खडखडही मोठी करते, आणि शिक्षक दूर गेले की त्याचा उपयोग झपाट्याने कमी होतो. बोलण्याच्या ओघात शब्दांच्या शेवटी येणारे प्रत्यय हलके उच्चारले जातात, ते या मुलांना नीट ऐकू येत नाहीत; म्हणून त्यांच्या लेखनात ‘ने’, ‘ला’, ‘चा’ गळतात आणि लिंगवचनाचा मेळ बसत नाही. हे अज्ञान म्हणून तपासले जाते, याचे मला फार वाईट वाटते. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, चेहऱ्यावर उजेड असावा, आणि ‘समजले का?’ असे विचारण्याऐवजी तिलाच सांगायला लावावे, कारण अशी मुले मान डोलावून वेळ निभावतात. जन्मतः पूर्ण बधिर असलेल्या मुलाची अडचण याहून खोल असते, कारण त्याला बोलली जाणारी कोणतीच भाषा आपोआप मिळत नाही. त्याच्यासाठी सांकेतिक भाषा शक्य तितक्या लवकर सुरू करणे हिताचे आहे. असे मूल दाखल झाले, तर मला त्वरित कळव.

पाचवीतील ज्या मुलाला पुस्तक नाकाशी धरण्याबद्दल सर्वजण रागावतात, त्याला तसेच वाचू द्या. अल्पदृष्टी असलेले मूल पुस्तक जवळ धरते ते अक्षर मोठे दिसावे म्हणून, आणि त्याने डोळे बिघडत नाहीत. त्याला फळ्यावरची चकाकी टाळता येईल अशी जागा, ठळक मोठी अक्षरे आणि फळ्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणारा शिक्षक हवा. तो संध्याकाळनंतर अडखळतो का, हेही वसतिगृहात पाहा. रातांधळेपणा आहाराशी संबंधित असू शकतो किंवा नेत्रपटलाच्या आजाराचेही ते लक्षण असू शकते.

मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलाविषयी, म्हणजे सेरेब्रल पाल्सीविषयी, एकच आग्रह धरतो. त्याचे बोलणे अस्पष्ट आहे आणि लाळ गळते, यावरून त्याच्या बुद्धीचा अंदाज बांधू नका. या आजारात काही मुलांना बौद्धिक अक्षमता असते आणि काहींना मुळीच नसते. त्याच्यासमोर चित्रांचा तक्ता ठेवा, हो-नाही साठी एखादी खूण ठरवा, पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची द्या आणि उत्तरासाठी थांबा; तेवढे थांबणे आपल्या वर्गांत फार दुर्मीळ झाले आहे. ज्याला खरोखर बौद्धिक अक्षमता आहे, त्याला काम लहान टप्प्यांत, प्रत्यक्ष वस्तू हाताळून आणि रोजच्या व्यवहाराशी जोडून शिकवावे लागते. आणि पूर्वी धावणारा मुलगा वारंवार पडू लागला, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकू लागला, तर तो आळस समजू नका; स्नायूंच्या ऱ्हासाची ती सुरुवात असू शकते आणि तपासणीला विलंब होता कामा नये.

पुढील महिन्याच्या अखेरीस तुमच्या तालुक्यात तपासणी शिबिर ठेवण्याचे घाटत आहे. त्यापूर्वी पाचही मुलांविषयी वर्गशिक्षक आणि अधीक्षक यांनी मिळून अर्धे पान लिहून काढावे: मूल काय चांगले करते, कोणत्या कामात अडते, दिवसाच्या कोणत्या वेळी अधिक त्रास होतो, घरी कोणती भाषा बोलली जाते. पालकांना बोलावताना त्यांची भाषा जाणणारी व्यक्ती सोबत असावी आणि जुने औषधांचे कागद आणायला सांगावे. सातवीतील मुलीचा रक्ततपासणीचा अहवाल मला आधीच पाठव, म्हणजे जिल्हा रुग्णालयातील तिच्या भेटीची वेळ शिबिराच्या आसपास ठरवता येईल. शिक्षकांच्या बैठकीसाठी मी एक पूर्ण दिवस राखून ठेवीन. तारीख तू कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा मित्र